डॉक्टर गावात राहावा कसा?

प्रश्न : राहाता तालुक्यातल्या एका खेड्यात माझी पेरूची बाग आहे. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर येतात, चांगले असतात, जरा ओळख होते न होते तोच बदलून जातात. आमच्याच तालुक्यात लोणीला एवढं मोठं मेडिकल कॉलेज आहे, शिर्डीला संस्थानची रुग्णालयं आहेत. मग गावात डॉक्टर का टिकत नाही? माझी एक साधी शंका आहे. खेड्यात काम करायचं म्हणून डॉक्टरला काही वेगळं शिकवतात का, की शहरात शिकलेलाच उचलून इकडं आणून बसवतात? ता. क. : यात आम्ही गावकऱ्यांनी काय करावं, तेही सांगा. — एक बागायतदार, राहाता

उत्तर : तालुक्याचं नाव राहाता आणि डॉक्टर मात्र राहत नाही, असं तुम्हीच लिहायला हवं होतं. तुम्ही सभ्य माणूस दिसता, म्हणून ते मी लिहितो.

तुमची शंका साधी नाही, सगळं दुखणं तिच्यातच आहे. खरं उत्तर दुसरं. आपल्याकडे बहुतेक वेळा मोठ्या रुग्णालयात शिकलेला डॉक्टर उचलून गावात बसवतात. मग तो टिकला नाही की त्याच्या त्यागभावनेवर बोट ठेवतात.

आधी मोठ्या रुग्णालयात शिकण्यात बिघडतं काय, ते पाहू. १९६१ साली कर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका-इंग्लंडमधल्या आकडेवारीवरून एक हिशेब मांडला होता. महिनाभरात १,००० प्रौढ माणसांपैकी ७५० जणांना काही ना काही दुखतं-खुपतं. त्यातले २५० डॉक्टरकडे जातात, ९ जण रुग्णालयात भरती होतात आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पोचतो फक्त १. वैद्यकीय विद्यार्थी साडेचार वर्षं शिकतो ते या एका माणसावर. आणि नोकरी लागली की त्याच्यासमोर उभे राहतात ते उरलेले २४९. आपल्याकडचे आकडे वेगळे असतील, गाळणीची रीत मात्र तीच. कॉलेजात पोचणारा रुग्ण तीन-चार हातांतून गाळून आलेला असतो आणि सोबत तपासण्यांचं बाड घेऊन येतो. गावात येतो तो नुसता ‘कसंतरी होतंय’ एवढंच सांगतो.

शिवाय कामं तरी किती तऱ्हेची! सपाटीवरच्या भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्रामागे ३०,००० लोकसंख्या धरलेली असते. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने सकाळी ओपीडी काढायची, बाळंतपणं पाहायची, लसीकरणाची गाडी वेळेवर निघाली का ते बघायचं, जुलाबाची साथ आली तर विहिरीत टीसीएल पावडर पडली का ते तपासायचं, मारामारीच्या केसचं सर्टिफिकेट द्यायचं, शवविच्छेदन करायचं, पालखी आली की तिच्याबरोबर पथक पाठवायचं आणि तालुक्याच्या मीटिंगला जाऊन या सगळ्याचे तक्ते भरून द्यायचे. यातलं निम्मंअधिक त्याला कॉलेजात कोणी हाताला धरून शिकवलेलं नसतं.

माझंच सांगतो. इंटर्नशिपला मी एका आरोग्य केंद्रात होतो, गावाचं नाव नको. पावसाळ्याचे दिवस. शेतीची लाईट रात्रीची, म्हणून पाणी द्यायला गेलेल्या एका माणसाला उसाच्या सरीत काहीतरी चावलं. रात्री दीडला त्याला घेऊन आले. साहेब रजेवर. मी घाबरून सिस्टरना म्हणालो, रक्त गोठण्याच्या तपासण्या लागतील, इथं प्रयोगशाळा कुठाय? त्यांनी कपाटातून एक कोरडी काचेची ट्यूब काढली, त्यात दोन मिली रक्त घेतलं, खिडकीत उभी करून ठेवली आणि घड्याळ पाहिलं. वीस मिनिटांनी ट्यूब आडवी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. ‘घोणस,’ त्या म्हणाल्या, ‘अॅड्रेनॅलिन भरून जवळ ठेवा, मग सर्पलस सुरू करू.’ ही वीस मिनिटांची चाचणी पुस्तकात असते, मीही परीक्षेसाठी पाठ केली होती. पण ती कोणी माझ्यासमोर केलेली नव्हती, कारण आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा होती! माणूस वाचला. त्या रात्रीपासून माझं ठाम मत झालं आहे की गावातल्या डॉक्टरला सगळ्यांत जास्त गरज असते ती शेजारी उभं राहून विचारता येईल अशा माणसाची. क्वार्टर, पगार, पदोन्नती हे सगळं हवंच, पण ते त्यानंतर.

हे कोणाला कळलं नव्हतं असं मुळीच नाही. १९४६ सालच्या भोर समितीच्या अहवालात प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना आहे आणि डॉक्टर सामाजिक भान असलेला घडवावा, त्यासाठी त्याला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक तीन महिने शिकवावं, असंही म्हटलं आहे. १९५२ पासून केंद्रं उभी राहू लागली. इमारती झाल्या, डॉक्टर घडवण्याचा भाग मागे राहिला. मग १९७७ साली वैद्यकीय शिक्षणाला गावाकडे वळवण्याची एक केंद्रीय योजना आली. प्रत्येक मेडिकल कॉलेजने तीन तालुक्यांएवढ्या भागातल्या आरोग्य केंद्रांची जबाबदारी घ्यावी, अशी तिची कल्पना. योजनेला फिरतं रुग्णालय म्हणून मोठ्या गाड्या मिळाल्या. त्या गाड्यांचं पुढे काय झालं, हा जुन्या प्राध्यापकांचा आवडता विनोद आहे.

आता लोणीकडे येऊ. बाभळेश्वरच्या चौकातून वळलं की लोणी. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभारला, त्याचा पहिला हंगाम १९५०-५१चा. त्याच परिसरात १९८४ साली ‘रूरल मेडिकल कॉलेज’ सुरू झालं. बाळासाहेब विखे पाटलांचं नाव आज त्याला आहे, २००३ पासून ते प्रवरेच्या अभिमत विद्यापीठात आहे. कॉलेज जिल्ह्याच्या गावाला काढण्याऐवजी उसाच्या मळ्यात काढलं, ही त्या काळात धाडसाचीच गोष्ट. त्याने तुमच्या भागाला मोठं रुग्णालय मिळालं, हा फायदा उघड आहे. रात्री छातीत कळ आली तर तुम्हाला नाशिक-पुणं गाठावं लागत नाही. पण कॉलेज गावात असणं आणि गावासाठी डॉक्टर घडणं या दोन गोष्टी आपण एकच समजतो, तिथं गफलत होते. देशभरातून प्रवेश परीक्षा देऊन आलेला मुलगा लोणीत साडेचार वर्षं शिकला आणि वर्षभर इंटर्नशिप करून गेला, तर त्याने राहाता तालुक्यात का राहावं? त्याचं घर इथं नाही, आणि त्याच्या सगळ्या मित्रांचं लक्ष एमडीच्या प्रवेशाकडे. यात कॉलेजचा दोष काढणं मला अन्यायाचं वाटतं. कोणाला निवडायचं हे आता कॉलेजच्या हातात नाही.

निवड हाच पहिला मुद्दा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली दुर्गम भागात आरोग्यसेवक टिकवण्यासाठी शिफारशी केल्या आणि २०२१ साली त्या सुधारून पुन्हा मांडल्या. दोन्हीत ठळक गोष्ट अशी की खेड्यात वाढलेला विद्यार्थी पुढे खेड्यात काम करण्याची शक्यता जास्त असते. जपानने याचा एक धडधडीत प्रयोग केला. १९७२ साली त्यांनी जिची मेडिकल युनिव्हर्सिटी काढली. प्रत्येक प्रांतातून थोडेच विद्यार्थी घ्यायचे, त्यांची फी प्रांताने सोसायची, आणि त्यांनी शिक्षणानंतर नऊ वर्षं आपापल्या प्रांताच्या सांगण्यावरून काम करायचं, त्यातला मोठा काळ आडगावात.

आपल्याकडे आहे तो बॉण्ड. सरकारी कॉलेजात एमबीबीएस झालं की वर्षभर सरकारी सेवा करायची. बॉण्डमुळे डॉक्टर येतो हे खरं आहे आणि मी बॉण्डच्या विरोधात नाही. जनतेच्या पैशावर शिकलेल्याने एक वर्ष द्यावं, यात काय गैर? मेक्सिकोत तर १९३६ पासून डॉक्टर होण्याआधी अशी सेवा सक्तीची आहे. पण वर्षभराचा पाहुणा तुमच्या गावाला डॉक्टर म्हणून कितीसा उपयोगी पडणार? सहा महिने तो गाव समजून घेतो, उरलेले सहा महिने पीजीचा अभ्यास करतो. तुम्ही लिहिता, ‘ओळख होते न होते तोच’. त्याचं मूळ इथं आहे.

सेवाग्रामच्या कॉलेजने मात्र वेगळी वाट धरली आणि ती मला फार आवडते. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी ते सुरू केलं. नवे विद्यार्थी पहिले दिवस आश्रमात राहतात. मग एका गावात मुक्कामाचं शिबिर होतं, प्रत्येकाकडे काही कुटुंबं सोपवली जातात आणि त्यांच्याकडे वर्षानुवर्षं जायचं असतं. तिथल्या विद्यार्थ्याला तिथंच पदव्युत्तर शिक्षण हवं असेल तर आधी दोन वर्षं ग्रामीण सेवा करावी, अशी अट त्यांनी घातली. म्हणजे गावातलं काम ही शिक्षा राहत नाही, पुढच्या दाराची किल्ली होते. बऱ्याच वर्षांनी सगळ्या देशाने यातला थोडा भाग उचलला. आता राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबं दत्तक घ्यायची आहेत, इंटर्नशिपमधले १२ आठवडे सामुदायिक वैद्यकाचे आहेत, आणि एमडी-एमएस करणाऱ्यालाही ३ महिने जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर काढावे लागतात. कागदावर उत्तम. दत्तक घेतलेल्या कुटुंबाकडे विद्यार्थी दर वेळी खरंच जातो, की एकदाच जाऊन चार फोटो काढतो, हे त्या कुटुंबालाच विचारावं. तुमच्या गावात आले असतील तर तुम्हीच मला कळवा.

आता नेमकं काय शिकवावं? मेळघाटातल्या बैरागडला आयुष्य घालवलेले डॉ. रवींद्र कोल्हे यांची गोष्ट या बाबतीत नेहमी सांगितली जाते. मेळघाटात जायचं ठरल्यावर त्यांना एका ज्येष्ठ डॉक्टरांनी सांगितलं, तीन गोष्टी येत असतील तरच जा : सोनोग्राफी आणि सिझेरियनशिवाय बाळंतपण, एक्स-रेशिवाय न्यूमोनियाचं निदान आणि जुलाबाचा उपचार. ते थांबले, काही महिने ते शिकून घेतलं आणि मग गेले. अभ्यासक्रमाच्या जाडजूड पुस्तकांपेक्षा ही तीन वाक्यं मला मोलाची वाटतात. कारण त्यांची सुरुवात गावातल्या मरणांपासून होते. कोणाला काय शिकवता येईल, हा विचार नंतरचा.

सरकारनेही असा विचार कधीकधी केला आहे. भूलतज्ज्ञ मिळत नाही म्हणून सिझेरियन अडतात, हे लक्षात आल्यावर साध्या एमबीबीएस डॉक्टरला १८ आठवड्यांत जीव वाचवण्यापुरती भूल देणं शिकवायचं आणि दुसऱ्याला १६ आठवड्यांत तातडीचं प्रसूतिशास्त्र, असे अभ्यासक्रम निघाले. कल्पना शंभर नंबरी. पण भूल शिकलेल्याची बदली शस्त्रक्रियागृह नसलेल्या जागी झाली, की ते अठराही आठवडे पाण्यात गेले. शिकवणारं खातं आणि बदली करणारं टेबल यांची गाठ पडत नाही, हे आपल्या राज्याचं जुनं दुखणं आहे, फक्त आरोग्याचं नव्हे.

शिक्षणाइतकीच मोठी गोष्ट सोबतीची. सोबत नसतानाही खेड्यातला एखादा डॉक्टर काय करून दाखवतो, ते आधी आपल्याच राज्यात पाहा. हिंमतराव बावस्कर १९७६च्या सुमारास रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावून धडधाकट माणसं, मुलं डोळ्यांदेखत फुफ्फुसात पाणी भरून मरत आणि पुस्तकात त्यावर धड उत्तर नव्हतं. बावस्करांनी प्रत्येक रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी केल्या. पुढे एमडी करून ते त्याच भागात परतले, रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध वापरून पाहिलं आणि १९८०च्या दशकात ‘लॅन्सेट’मध्ये ते लिहिलं. आज विंचूदंशाचा हा उपचार जगभर माहीत आहे. धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याला डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर शस्त्रक्रिया करत. हर्नियात बसवायची परदेशी जाळी गरीब माणसाला परवडेना, तेव्हा त्यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं आणि निकाल छापले. पुढे युगांडात रीतसर चाचणी झाली, २०१६ साली ती अमेरिकेच्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात आली, आणि वर्षभरानंतरचे निकाल महागड्या जाळीइतकेच चांगले निघाले. टोणगावकर ग्रामीण शल्यविशारदांच्या देशव्यापी संघटनेतले बिनीचे. म्हणजे विचारायला माणूस नव्हता तर त्यांनी विचारणाऱ्यांचा मेळाच जमवला. मात्र सगळे डॉक्टर बावस्कर असणार नाहीत. साध्या, हुशार, थोड्या घाबरट डॉक्टरचं काय?

त्याच्यासाठी एक उपाय चांगला ठरला आहे. पुण्याच्या सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) शिकलेले संजीव अरोरा अमेरिकेत न्यू मेक्सिकोत यकृततज्ज्ञ आहेत. हेपटायटिस सीचे रुग्ण लांबून लांबून त्यांच्याकडे येत आणि महिनोन् महिने रांगेत थांबत. २००३ साली त्यांनी उलटं केलं. आडगावच्या डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र बसवलं आणि प्रत्येकाने आपापला रुग्ण मांडायचा असं ठरवलं. तज्ज्ञ त्यात सल्ला देई आणि बाकीचे ऐकून शिकत. २०११ साली निकाल प्रसिद्ध झाले. विद्यापीठात बरे झाले ५७.५ टक्के आणि गावच्या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के. आपल्याकडे ई-संजीवनी आहे, पण त्यात रुग्णाला सल्ला मिळतो आणि फोन बंद होतो. आठवड्यातून एक तास, लोणीच्या कॉलेजातले दोन-तीन अध्यापक आणि तालुक्यातले सगळे वैद्यकीय अधिकारी, एकमेकांच्या केसेस घेऊन बसले तर? याला नवी इमारत लागत नाही आणि फारसा पैसाही लागत नाही.

आणि सोबतीची गोष्ट निघाली तर तुमच्याच जिल्ह्याचं दुसरं टोक कसं सोडू! १९७० साली जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे आले. त्यांनी गावांनाच सांगितलं, तुमच्यातली एक बाई निवडून द्या. त्या बहुतेक निरक्षर, काही दलित वस्तीतल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, मुक्काम करत, झालेल्या चुका उघडपणे मांडत, आणि नवं शिकून परत जात. बालमृत्यू खाली आले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि ते शिकायला देशोदेशीचे डॉक्टर नगर जिल्ह्यात येऊ लागले. जामखेडचं लोक कौतुक करतात ते या बायकांना औषधं द्यायला शिकवलं म्हणून. मला त्यातला ‘दर आठवड्याला’ हा शब्द मोठा वाटतो. आपल्या सरकारी प्रशिक्षणात चार दिवस चहा-नाश्ता, एक फाईल आणि एक प्रमाणपत्र असतं, आणि मग वर्षभर सामसूम.

प्रश्न : आमच्या उपकेंद्रात ‘सीएचओ’ बसतात. ते डॉक्टर का? — एक गृहिणी, पुणतांबा

उत्तर : समुदाय आरोग्य अधिकारी. महाराष्ट्रात या पदावर बरेच जण आयुर्वेदाचे पदवीधर आहेत, काही युनानीचे, काही परिचर्येचे. सहा महिन्यांचं खास प्रशिक्षण आणि परीक्षा देऊन ते येतात. पाच हजार वस्तीच्या उपकेंद्रात रक्तदाब, साखर, गरोदर बायका, किरकोळ आजार हे त्यांनी पाहायचं आणि अडलं की केंद्राच्या डॉक्टरला ऑनलाइन विचारायचं. बीपीची गोळी दर महिन्याला त्यांच्याकडूनच घ्या, उगाच शिर्डीला रिक्षाभाडं घालू नका. यांना निदान वर विचारायला डॉक्टर आहे. त्या डॉक्टरने कोणाला विचारायचं, ते वर सांगितलंच.

आता राहात्याच्या बागायतदारांचा ताजा कलम. गावाने काय करावं?

एक, तक्रार कुठं करायची ते नीट समजून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीतलं. अर्ज चुकीच्या टेबलावर गेला की वर्ष जातं. दुसरं, केंद्राची रुग्ण कल्याण समिती असते आणि तिच्याकडे थोडा का होईना निधी असतो. क्वार्टरचं छत गळतं, नळाला पाणी नाही, रात्री फाटकापाशी दिवा नाही, म्हणून बायको-मुलांना घेऊन राहायला डॉक्टर कचरतो. हे समितीच्या आवाक्यातलं आहे. आणि तिसरं थोडं बोचरं. रुग्ण दगावला की दहा जणांनी डॉक्टरच्या अंगावर जायचं, हे बंद करा. २०१० पासून महाराष्ट्रात त्याविरुद्ध कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायद्यापेक्षा गावातल्या चार वजनदार माणसांनी मध्ये उभं राहणं जास्त कामाला येतं. तुमची पेरूची बाग आहे, म्हणजे तुम्ही त्या चारांतले असणार.

या महिन्यात केंद्रात जा, आणि समितीची मागची बैठक कधी झाली तेवढं विचारून या. तारीख मला कळवा.